'स्टार्व्ह'पासून सुरुवात करा

इंग्रजी शब्दाचा अर्थ काळानुसार कसा बदलत गेला, हे शोधायचंय? मग एकदम 'रन' किंवा 'सेट' हातात घेऊ नका, अर्थांच्या जंगलात हरवाल. 'स्टार्व्ह' घ्या. जुन्या इंग्रजीत 'स्टेओर्फान' म्हणजे नुसतं मरणं. जर्मन 'श्टेर्बन' आजही तेच. पुढे अर्थ आकसत उपासमारीवर आला. उत्तर इंग्लंडच्या बोलींत मात्र 'स्टार्व्हिंग' म्हणजे थंडीने काकडणं! हा मुक्काम माझा फार लाडका.

नवखे घसरतात ते इथे:
- सगळ्यात जुना अर्थच 'खरा' मानणं.
- उच्चार जुळला की सोयरीक जुळवणं. 'हॅव्ह' आणि लॅटिन 'हाबेरे' सख्खे वाटतात, पण नाहीत. (आपल्याला तर सगळंच संस्कृतातून आलेलं दिसतं.)
- जुनं वाक्य आजच्या अर्थाने वाचणं. १६११च्या इंग्रजी बायबलात 'प्रिव्हेंट' म्हणजे आधी जाणं, रोखणं नव्हे.

प्रत्येक अर्थापुढे वर्ष आणि एक वाक्य वहीत उतरवा. ध्वनिबदलाचे नियम सध्या राहू द्यात.