मुलाला ऑटिझम आहे हे शेजारी-नातेवाइकांना सांगावं का? अशा घरांना आधार खरंच मिळतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा चार वर्षांचा आहे, निदान नुकतंच झालंय, तुम्ही तालुक्याच्या गावी राहता आणि घरात वाद आहे तो हे बाहेर कळू द्यायचं की नाही याचा. सासूबाईंचं म्हणणं, नणंदेचं लग्न व्हायचंय, तोवर गप्प राहावं.

माझ्या मुलीलाही ऑटिझम आहे. ती आता वीस वर्षांची आहे, बोलते मोजकंच. आम्हीही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो. माझं उत्तर स्पष्ट आहे : सांगा. पण ज्याला सांगाल त्याला त्याच वेळी एक काम सांगा. 'आमच्या मुलाला ऑटिझम आहे' एवढंच ऐकल्यावर समोरच्याला काय करावं ते कळत नाही. मग तो हळहळतो, कुठल्या तरी वैद्याचं नाव सुचवतो आणि घरी जाऊन चर्चा करतो. तेच 'हा एकटा रस्त्यावर दिसला तर थांबवून ठेवा, मला फोन करा' असं सांगितलं, की तो माणूस तुमच्या बाजूचा होतो.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं, कारण सगळ्यात आधी सांगायचं ते याच कारणासाठी. ऑटिझम असलेली पुष्कळ मुलं दार उघडं दिसलं की निघून जातात. नावाने हाक मारली तरी वळत नाहीत, घरचा पत्ता सांगू शकत नाहीत आणि बऱ्याच जणांना पाण्याची विलक्षण ओढ असते. गावात विहिरी असतात, पाट असतो, शेततळी असतात. तेव्हा कोपऱ्यावरचा किराणावाला, रिक्षा स्टँडवरची मंडळी, इस्त्रीवाला, जवळच्या विहिरीचा मालक, एवढ्यांना मुलगा दाखवून ठेवा. नंबर लिहून द्या. ओरडू नका, दंड धरून ओढू नका, त्याला अमुक आवडतं ते दाखवलं की तो थांबतो, असं नेमकं सांगा. आमच्या आळीत आजही माझी मुलगी एकटी फाटकाबाहेर दिसली तर तीन घरांतून फोन येतो. ही माणसं कुठल्याही संस्थेत नाहीत. त्यांना एवढंच माहीत आहे की ही कोण आणि हिच्यासाठी काय करायचं. ज्या घराने मूल लपवलं, त्या घराचं मूल हरवलं तर शोधायला निघालेल्यांनी ते कधी पाहिलेलंच नसतं.

आता भावकी. इथे थोडं कडक बोलतो, आणि ते तुमच्या यजमानांसाठी आहे. 'आईने मोबाईल दिला म्हणून', 'आई नोकरीला जाते म्हणून', 'गरोदरपणात हिनं नीट खाल्लं नाही म्हणून', ही वाक्यं तुमच्या कानावर येणार, आणि त्यांना उत्तर देणं हे वडिलांचं काम आहे. आपल्या आईला, आपल्या काकांना, आपल्या बहिणीला त्यानेच सांगायचं. सुनेने सांगितलं की ते उलट बोलणं ठरतं. हा दोष द्यायचा प्रकार काही आपल्याच गावचा नाही. १९४३ साली अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं सविस्तर वर्णन केलं, आणि पुढे कितीतरी वर्षं पाश्चात्त्य देशांतले मोठमोठे तज्ज्ञ आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं म्हणून सांगत होते. त्या समजुतीला १९६४ साली जोरदार धक्का दिला तो बर्नार्ड रिमलँड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. ऑटिझम ही मेंदूच्या वाढीतली जन्मजात वेगळी घडण आहे. आईच्या वागण्याने तो होत नाही. हे वाक्य तुमच्या यजमानांनी चारचौघांत एकदा मोठ्याने म्हणून बघावं, निम्मी कुजबुज थांबते.

नणंदेच्या लग्नाबद्दल मी एवढंच विचारेन की नणंदेला कुणी विचारलंय का? लपवून जमवलेल्या सोयरिकीत नंतर सासरी उत्तरं तिलाच द्यावी लागतील. माझ्या ओळखीत अशी एक आत्या आहे जिने पाहण्याच्या कार्यक्रमातच भाच्याला शेजारी बसवून ओळख करून दिली. तिचं लग्न जमलं, आणि माणसंही चांगली मिळाली. दरवेळी असंच होईल असं मी म्हणत नाही. पण निर्णय तिचा आहे.

समारंभांना मुलाला न्या. बँडचा आणि डीजेचा आवाज त्याला खरोखर सहन होत नसेल, तो हट्ट नसतो. म्हणून अक्षतांच्या गर्दीत जाऊ नका. हळदीला सकाळी लवकर जा, पहिल्या पंगतीत जेवा, दाराजवळची जागा धरा. लग्नघरच्या मंडळींना आधी सांगून ठेवा की एखादी शांत खोली लागेल. एका आतेभावाला किंवा मावशीला काम द्या : मुलगा अस्वस्थ झाला की त्याला बाहेर चक्कर मारून आणायची.

एवढं सगळं केलं तरी शेजारी आणि नातेवाईक एका मर्यादेपर्यंतच पुरतात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मूल झोपत नाही म्हणजे काय, हे ज्याच्या घरी घडतं त्यालाच कळतं. म्हणून माझं सगळ्यात ठाम सांगणं : जवळपासची तीन-चार घरं शोधा. मोठ्या शहरातलं मोठं केंद्र नंतर बघू.

आपल्याकडे या क्षेत्रात जे उभं राहिलं त्यातलं बरंचसं पालकांनीच उभं केलंय. मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली, त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) होती म्हणून. नाशिकमध्ये १९७७ साली रजनीताई लिमये यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर ही शाळा काढली, त्यामागे त्यांचा स्वतःचा मुलगा होता. दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ साली ॲक्शन फॉर ऑटिझम सुरू केलं, त्याही ऑटिस्टिक मुलाच्या आई. डोंबिवलीजवळ खोणी गावातलं 'घरकुल' हे बौद्धिक अक्षमता असलेल्यांचं निवासी घर अमेय पालक संघटनेचं, म्हणजे नावातच पालक. यांच्यापैकी कुणाच्याही आधी तयार वाट नव्हती.

तालुक्यात अशी घरं सापडतात कशी? पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक असतात, त्यांना तालुक्यातली अशी मुलं माहीत असतात. त्यांना भेटून सांगा, 'माझा नंबर इतर पालकांना द्या.' अंगणवाडीतल्या मुलांच्या तपासणीला वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेच जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे लहान वयातच तपासणी आणि उपचार सुरू करणाऱ्या केंद्राकडे, पाठवतं. त्या केंद्राच्या बाकड्यावर शेजारी बसलेल्या आईशी बोला. आमचा गट अशाच बाकड्यावर सुरू झाला.

चार घरं एकत्र आली की काय बदलतं ते सांगतो. एक गाडी ठरवून सगळी मुलं एकाच दिवशी थेरपीला जाऊ शकतात, भाडं वाटून जातं. एका मुलासाठी गावात न येणाऱ्या स्पीच थेरपिस्ट सहा मुलांसाठी येतात. रविवारी दोन पालक सगळ्या मुलांना सांभाळतात आणि बाकीच्यांना तीन तास मिळतात. आमच्या गटातल्या एका आईने पहिल्या रविवारी ते तीन तास नुसती झोप काढली, आणि त्याची तिला नितांत गरज होती. पैसेही वाचतात, कारण 'ऑटिझम पूर्ण बरा करतो' म्हणणाऱ्या जाहिराती तुम्हाला आता दिसू लागतील. स्टेम सेल हा ऑटिझमवरचा मान्य उपचार नाही, हे जुने पालक पहिल्याच भेटीत सांगतात. आणि नगरपालिकेकडे एकट्याने गेलेल्या बापाला उद्या या म्हणतात. सहा घरांच्या सह्यांचा अर्ज मात्र नोंदवून घ्यावा लागतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर खर्च होतो ते विचारा, थेरपीसाठी एक खोली मागा.

वडिलांना गटात आणाच. बहुतेक ठिकाणी आयाच येतात, आणि वडील बाहेर गाडीत बसून असतात. त्यांनाही बोलायचं असतं, पण सुरुवात कुणी करून द्यावी लागते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण ते गटातून सोपं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, १९९५ च्या कायद्यात तो नव्हता. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. आणि एक गोष्ट आत्ताच मनात नोंदवून ठेवा : मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. आम्ही तो मुलीसाठी केला, तेव्हा गटातल्या आमच्याआधी अर्ज केलेल्या एका आजोबांनी सगळी कागदं लावून दिली होती.

तुमचा जिल्हा कोणता ते कळवा. सातारा, सांगली किंवा कोल्हापूर असेल तर तिथल्या पालकांशी तुमची गाठ घालून देता येईल. दुसरीकडे असाल तरी कुणाकडून कुणाकडे पोहोचायचं ते विचारून सांगतो. यजमानांनाच फोन करायला सांगा, मी रात्री नऊनंतर मोकळा असतो.