वाचक विचारतात : कमरेतलं इंजेक्शन, हुडहुडी आणि रात्रीचा गोंधळ

भुलीबद्दल प्रश्न मागवले आणि चोपड्यापासून तळोद्यापर्यंतची पत्रं आली. निम्म्याहून जास्त पत्रांत प्रश्न एकच आहे, म्हणून त्याला आधी घेते.

सिझरच्या वेळी कमरेत इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवसापासून उठून बसलं की डोकं फुटायचं, आडवं पडलं की बरं वाटायचं. आठवड्यात ते थांबलं. पण बाळ दोन वर्षांचं झालं तरी कंबर दुखतेच. सासूबाई म्हणतात, सुईनेच कंबर गेली. खरं आहे का?
*– एक वाचक, चोपडा*

ताई, डोकं दुखलं ते सुईमुळेच. कंबरदुखीचं खापर मात्र तिच्यावर फोडू नका.

पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. आम्ही भूल देणारे डॉक्टर सुई घालतो ती त्याच्याही खाली, बहुतेक वेळा तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याच्या फटीत. तिथे फक्त नसांचा झुपका आणि पाण्यासारखा द्रव असतो. त्या द्रवाभोवतीच्या पडद्याला सुईने भोक पडतं. ते लगेच बुजलं नाही तर द्रव झिरपत राहतो. मग तुम्ही उठून बसलात की मेंदूभोवतीचा आधार कमी होतो, तिथले पडदे ताणले जातात, रक्तवाहिन्या फुगतात आणि डोकं ठणकतं. आडवं पडलं की ताण उतरतो. तरुण बायकांना, त्यातही बाळंतिणींना हा त्रास जास्त होतो.

हे दुखणं या भुलीइतकंच जुनं आहे. १८९८ साली जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर या सर्जनने आणि त्याच्या हिल्डेब्रांट नावाच्या सहाय्यकाने पाठीतून भूल देण्याचा प्रयोग एकमेकांवर करायचं ठरवलं. बिअरच्या पाठीत सुई गेली, पण तिला सिरिंज बसेना आणि द्रव भरपूर वाहून गेला. मग हिल्डेब्रांटची पाळी. त्याचे पाय बधिर झाल्यावर नडगीवर लोखंडी हातोडी मारून पाहिली, चिरूटाचा चटकाही दिला. गड्याला काही कळलं नाही. दोघांनी संध्याकाळी वाइन पिऊन आनंद साजरा केला आणि पुढे दोघंही डोकं धरून बसले. बिअर तर कित्येक दिवस अंथरुणात होता.

आता केसासारख्या बारीक आणि पेन्सिलीच्या टोकाच्या सुया आल्यात. त्या पडदा कापत नाहीत, तंतू बाजूला सारून आत जातात, त्यामुळे हा त्रास बराच कमी झालाय. तरी कुणाला झालाच तर पॅरासिटामोल, भरपूर पाणी आणि चहा-कॉफी यावर बहुतेकांचं भागतं. नाहीच थांबलं तर पेशंटचंच थोडं रक्त काढून त्या पडद्याच्या बाहेरच्या बाजूला सोडतात. ते गोठून भोक बुजवतं आणि अनेकींना काही तासांतच उतार पडतो. आपल्याकडे वॉर्डात अजून बजावतात, ‘चोवीस तास उशी घ्यायची नाही, मान उचलायची नाही.’ नुसतं पडून राहिल्याने ही डोकेदुखी टळत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. बाळाला घ्यायला उठणाऱ्या बाईवर ओरडायचं काही कारण नाही. मात्र आडवं पडूनही डोकं थांबत नसेल, ताप असेल, मान आखडली असेल, अंधुक दिसत असेल किंवा आकडी (फिट) आली असेल, तर घरी थांबू नका.

आता कंबर. टोचल्या जागी चार-आठ दिवस दुखतं, तेवढं सुईचं. ‘बाई, त्या सुईनी मनी कंबर गयी’ हे मी ओपीडीत रोज ऐकते. पण प्रसूतीच्या वेळी कमरेतून भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना झालीय आणि कायमच्या कंबरदुखीत फरक सापडलेला नाही. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात, पोटाचा भार कंबर ओढतो, नंतर वाकून दूध पाजणं, कडेवर पोर, हंडा, धुणं. घरी नॉर्मल बाळंतीण झालेल्या तुमच्या सासूबाईंची कंबर कधी दुखली नाही का, एकदा सहज विचारा! पोटाचे आणि पाठीचे व्यायाम शिकून घ्या. पायात मुंग्या, अशक्तपणा किंवा लघवीवर ताबा नसणं यातलं काही असेल तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

हर्नियाच्या ऑपरेशनला कमरेखालचं अंग बधिर केलं तेव्हा एकदम जीव घाबरला, मळमळलं. डॉक्टर म्हणाले बीपी उतरलंय. नंतर भर मे महिन्यात हुडहुडी भरली. औषध जास्त झालं होतं का?
*– एक वाचक, रावेर*

नाही दादा, योग्य डोसनेही असं होतं. पायांतल्या रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही त्या औषधाने झोपतात. वाहिन्या सैल पडतात, रक्त पायांकडे साचतं आणि बीपी खाली येतं. मळमळ बहुधा त्याचीच. म्हणून आम्ही सुरुवातीची काही मिनिटं मॉनिटरवरची नजर हलवत नाही, सलाईन जोरात सोडतो आणि बीपी वर आणणारं इंजेक्शन भरून हाताशी ठेवतो. हुडहुडीचं मूळही तेच. पोटातलं गरम रक्त सैल वाहिन्यांतून कातडीकडे येतं आणि आतलं तापमान घसरतं. बाहेर रावेरचं पंचेचाळीस डिग्री ऊन असेना का, थिएटरात एसी असतो आणि तुमच्या अंगावर एक हिरवी चादर.

वडील ७८ वर्षांचे. खुब्याचं ऑपरेशन कमरेतून भूल देऊन झालं. दुसऱ्या रात्री सलाईन ओढून काढली, मला ‘तू कोण’ विचारलं. भूल मेंदूत चढली का?
*– एक वाचक, अमळनेर*

भूल केव्हाच उतरलेली होती. हा वयाचा, दुखण्याचा, मोडलेल्या झोपेचा आणि परक्या जागेचा गोंधळ आहे. डॉक्टरी भाषेत डिलिरियम. पूर्ण भूल (म्हणजे बेशुद्ध करणारी) टाळून कमरेतून दिली की हा टळतो, असं आम्हालाही वाटायचं. २०२१ साली अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात खुब्याच्या पेशंटांमध्ये दोन्ही प्रकारांत प्रमाण जवळपास सारखंच निघालं. दुखणं नीट आवरलंय का, लघवी तुंबलीय का, रक्तातलं सोडियम (मीठ) उतरलंय का, जंतुसंसर्ग आहे का, हे डॉक्टरांना बघायला सांगा. चष्मा आणि कानाचं यंत्र पिशवीत ठेवू नका, घाला. रात्री ओळखीचं माणूस उशाशी हवं. झोपेची गोळी मागू नका, तिने गोंधळ बहुधा वाढतो. हात बांधले की माणूस आणखी बिथरतो. बहुतेक जण काही दिवसांत ठिकाणावर येतात. काहींना आठवडे लागतात.

आम्ही धडगावकडचे. भावाला सिकलसेल आहे. ऑपरेशन ठरलंय, भूल झेपेल का?
*– एक वाचक, शहादा*

झेपते, पण आम्हाला आधी कळलं पाहिजे. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांमध्ये हा आजार बराच आहे, तरी सिकलसेल असल्याचं कार्ड घरी पेटीत आणि पेशंट टेबलावर, असं होतं. थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं आणि ऑक्सिजन कमी पडणं, या तिन्हींनी रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या तुंबवतात. आणि थिएटरात निष्काळजीपणा झाला तर नेमक्या या तीनच गोष्टी घडतात. म्हणून कार्ड सोबत न्या, भावाचा नंबर सकाळी पहिला लावायला सांगा. रात्रभर पाणी तोडू नका. साधं पाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. डॉक्टरांशी बोलून तसं ठरवून घ्या. रक्त लागेल का, हेही आधीच विचारा. तुम्ही स्वतः नुसते वाहक असाल, म्हणजे दोष रक्तात आहे पण आजार नाही, तर सहसा अडचण येत नाही, पण सांगा.

गुटखा सोडून वर्ष झालं, तोंड मात्र दोनच बोटं उघडतं. भूल देणाऱ्यांना हे सांगायची गरज आहे का?
*– एक वाचक, पारोळा*

सगळ्यात आधी हेच सांगा. पूर्ण भूल दिल्यावर श्वासाची नळी तोंडातून घालायची असते. तुमचं तोंड औषधाने सैल पडत नाही, कारण आत कातडीच आखडलेली आहे. आधी कळलं तर तुम्ही जागे असतानाच नाकातून दुर्बिणीच्या मदतीने नळी घालायची तयारी करता येते. ती दुर्बीण प्रत्येक गावात नसते, त्यामुळे ऑपरेशन कुठे करायचं हेही त्यावर ठरेल.