‘ख्रिस्तपुराण’ या फादर स्टीफन्स यांच्या जुन्या मराठी ओवीबद्ध काव्याच्या नव्या आवृत्तीवर ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ आहे. आमच्या चर्चच्या फेस्ताच्या (सणाच्या) स्मरणिकेत त्यातल्या ओव्या छापल्या तर चालेल का?

हो, मूळ ओव्या खुशाल छापा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. फादर स्टीफन्स वारले १६१९ला! ‘सर्व हक्क’ ही ओळ मुद्रक सवयीनेच टाकतात. नव्या प्रकाशकाचा हक्क प्रस्तावना, टिपा, गद्य अर्थ आणि मुखपृष्ठ एवढ्यापुरताच. नुसत्या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्यांनी नवा हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक खटल्यात सांगितलंय. मात्र मूळ पुस्तक रोमी (रोमन) लिपीतलं. देवनागरी करताना नव्या आवृत्तीच्या संपादकाने वेगवेगळ्या प्रतींतले पाठ (शब्दरूपं) निवडले असतील तर वाद उकरला जाऊ शकतो. त्यापेक्षा १९०७ची मंगळूरची रोमी प्रत घ्या आणि लिप्यंतर स्वतः करा. नव्या आवृत्तीच्या पानांचे फोटो मात्र चिकटवू नका.