जामीन झाला, पण जामीनदार कुठून आणू?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो. पार्किंगवरून मारामारी झाली, पोलिसांनी उचललं. कोर्टाने १५,००० रुपयांचा जातमुचलका (त्याची स्वतःची लेखी हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, यावर जामीन दिला. त्याला सहा दिवस झाले, तो अजून येरवड्यातच आहे. कोर्टाबाहेर एक जण ६,००० रुपयांत जामीनदार देतो म्हणतोय. आमचे मामा तयार आहेत, पण ते बार्शीचे, आणि घर जप्त होईल म्हणून मामी घाबरल्यात.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, तुम्हाला त्याच दिवशी फोनवर सांगितलं तेच इथे सगळ्यांसाठी लिहितेय. ते ६,००० घरीच ठेवा. शिवाजीनगर कोर्टात वीस वर्षं काढली, हे 'रेडिमेड' जामीनदार मला चालीवरून ओळखू येतात. माणूस एकच, दर खेपेला रेशनकार्ड नवं. अमेरिकेत पैसे घेऊन जामीन राहण्याचा रीतसर धंदा चालतो, आपल्याकडे नाही. इथे जामीनदाराला आधी किती जणांना जामीन राहिलो हे कोर्टात लिहून द्यावं लागतं. लबाडी उघडी पडली की भाऊ पुन्हा आत जाऊ शकतो, आणि तो माणूस फोन उचलत नाही.

मामींना सांगा, जामीन राहायला १५,००० भरावे लागत नाहीत. भाचा तारखांना हजर राहील, नाही राहिला तर तेवढी रक्कम देईन, एवढंच मामा लिहून देणार. भाचा गायब झालाच तर कोर्ट आधी नोटीस काढतं, मग वसुलीचं बघतं. आणि त्याची लक्षणं ठीक दिसेनात, तर मामा अर्ज करून मोकळेही होऊ शकतात.

बार्शीचा सातबारा पुण्यात चालतो का? १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला, म्हणून मॅजिस्ट्रेटने त्याला जामीनदार म्हणून नाकारलं होतं. न्या. कृष्ण अय्यर यांनी ते साफ चुकीचं ठरवलं. तरी अजून कुणीतरी टेबलावर 'लोकल आणा' म्हणतंच. वकिलांना हा निकाल फाईलला लावायला सांगा.

मामांनी आधार, रेशनकार्ड, ताजा सातबारा, घरपट्टीची पावती आणि फोटो आणावेत, मूळ कागदांसह. तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागितला तर दिवस जातात. म्हणून आजच अर्ज टाका : तूर्त रोख रक्कम भरून घ्या, जामीनदार चार आठवड्यांत देतो. बऱ्याचदा मंजूर होतो.

तेही नाही जमलं, तर ३१ जानेवारी २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. वाट बघत बसू नका, तुम्हीच विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन लावा. कोठडीतल्या माणसाला प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. महिना उलटला तर कोर्ट आपणहून अट सैल करायची का ते बघू शकतं.

रोख भरलीत तर पावती ज्याचे पैसे त्याच्याच नावावर फाडा. माझ्याकडे एक आजोबा खटला संपल्यावर पैसे परत घ्यायला आले होते. पावती पुतण्याच्या नावावर, आणि पुतण्या तोवर दुबईला.