दादाच्या धंद्याचा हिशेब तू ठेवतेस, मग तुझा पगार कुठे आहे?

सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू तासगाव तालुक्यातून रोज सांगलीला कॉलेजला येतेस, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे. दादा एकटाच बेदाण्याचा धंदा करतो. घरच्या बागेचा माल आणि आसपासच्या शेतकऱ्यांकडून घेतलेला माल पॅक करून फोनवर आलेल्या ऑर्डरी कुरिअरनं पाठवतो. हाताखाली पॅकिंगला एक मुलगा आहे. बिलं, उधारी, कुरिअरचा खर्च, त्या मुलाचा पगार हे सगळं तू लिहितेस. आई म्हणते, घरचंच काम, त्यात कसलं आलंय करिअर. मामा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. तुझा प्रश्न असा, की या कामातून पुढे काही उभं राहील का, आणि टॅक्सचं सगळं तुला एकटीला झेपेल का.

उभं राहील. पण आधी मला एक सांग. त्या वहीत पॅकिंगच्या मुलाचा पगार आहे, कुरिअरवाल्याचे पैसे आहेत, मग तुझे कुठे आहेत? तू जे करतेस त्यासाठी दादानं बाहेरचा माणूस ठेवला असता तर त्याला महिन्याच्या महिन्याला पैसे मोजावे लागले असते. ते तुला मिळत नाहीत म्हणून आईला ते काम दिसत नाही. दादाशी नीट बोल आणि वाजवी पगार ठरवून घे. तो दर महिन्याला बँकेतून तुझ्या खात्यावर आला पाहिजे. दादाच्या हिशेबात तो खर्च धरता येतो. घरच्या माणसाला पगार द्यायला कायद्याची हरकत नाही, फक्त कामाच्या मानानं रक्कम अवाच्या सवा नको. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर (पगारातून कापला जाणारा राज्याचा प्रोफेशनल टॅक्स) नाही, त्यामुळे तिथं काही कापायचं नाही. उद्या नोकरीच्या मुलाखतीत 'घरी हिशेब बघत होते' असं सांगणं वेगळं आणि खात्यावर पगार जमा झालेला दाखवणं वेगळं.

दादाच्या बाबतीत मात्र उलटा नियम आहे. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालकाला पगार नसतो. तो घरखर्चाला जे पैसे काढतो ती उचल. तिचं खातं वेगळं ठेवायचं आणि ती खर्चात धरायची नाही, कारण कायद्याच्या नजरेत दादा आणि त्याचा धंदा एकच आहेत. नफा होतो तोच त्याचं उत्पन्न. पत्रात तू 'दादाचा पगार १५,०००' असं लिहिलंयस, ते आधी दुरुस्त कर. धंद्याचं बँक खातंही वेगळं काढायला लाव. पेट्रोल, किराणा आणि शेतकऱ्याचे पैसे एकाच खात्यातून जात असतील तर मार्चमध्ये ते निवडत बसण्यात तुझी परीक्षा बुडेल.

आता जीएसटी. इथे जरा थांबून वाच, आणि दादालाही वाचायला दे. फक्त मालाची विक्री करणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाख आहे. पण मालाच्या व्यापारात करपात्र माल राज्याबाहेर विकला की ही मर्यादा बघितलीच जात नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. आपल्याकडे हे विसरायला होतं, कारण म्हैसाळ ओलांडून कागवाड आलं की कर्नाटक सुरू होतं. अथणीच्या पाहुण्याच्या ओळखीनं गेलेलं पार्सलही राज्याबाहेरची विक्रीच.

बेदाण्याचं आणखी एक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं स्पष्ट केलं, की शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही. म्हणजे स्वतःच्या बागेचा माल एक आणि शेजाऱ्याकडून विकत घेऊन विकलेला माल दुसरा. दुसऱ्या बाबतीत दादा शेतकरी राहत नाही, व्यापारी होतो. म्हणून खरेदीची आणि घरच्या मालाची नोंद आजपासून वेगळी ठेव, पोती किती आणि वजन किती यासकट. सातबारा वडिलांच्या नावावर आणि विक्री दादाच्या नावावर असेल, तर हा प्रश्न करसल्लागारापुढे कागदं घेऊन एकदा मांडाच. ती फी वाचवू नका.

नोंदणी झालीच तर कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची पद्धत, सोपी वाटेल, पण त्यात राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. मग नेहमीची नोंदणी उरते, त्यात लहान व्यापाऱ्याला रिटर्न तीन महिन्यांनी भरायची सोय आहे. एखाद्या तिमाहीत काहीच विकलं नाही तरी रिटर्न भरायचं असतं. निरंक रिटर्नलाही उशीर झाला की दिवसाला २० रुपये विलंब शुल्क चालू होतं, व्यवहार असेल तर ५०. नोंदणीकृत व्यापाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय करही भरावा लागतो.

पगाराचं काम तुलनेनं हलकं आहे. भविष्य निर्वाह निधी २० माणसांपासून आणि ईएसआय (कामगार विमा) १० माणसांपासून लागतो, तुमच्याकडे अजून तो प्रश्न नाही. त्या मुलाची हजेरी लिही, पैसे बँकेतून दे, किमान वेतनापेक्षा कमी देऊ नका. पुरुष कामगाराचा पगार महिना ७,५०० च्या वर गेला की व्यवसाय कर कापून भरायची जबाबदारी दादावर येते, आणि त्यासाठी मालक म्हणून वेगळी नोंदणी लागते.

आयकरात लहान व्यापाऱ्याला अंदाजित नफ्याची सवलत आहे. रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या पैशांवर ६ टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं. समजा वर्षाची विक्री १८ लाख आहे आणि ती सगळी खात्यावर जमा झाली, तर हा नफा १,०८,००० रुपये. पण हा किमान आकडा आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो. आणि उद्या कोल्ड स्टोरेजच्या मालावर किंवा पॅकिंग मशीनसाठी कर्ज हवं असेल, तर बँक रिटर्नमधलाच आकडा बघते. अडतीचं कमिशन घेणाऱ्यांना ही सवलत नाही, हे तुझ्या मार्केट यार्डातल्या ओळखीच्यांना सांग. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा कॉलेजच्या जुन्या नोट्सवरून कलम सांगू नकोस.

हे सगळं तुला जमेल, कारण अवघड भाग तू आधीच करतेस: रोजच्या रोज लिहिणं. लहान धंदेवाल्यांची खरी अडचण तीच असते. बिलं पिशवीत साठतात आणि शेवटच्या आठवड्यात ती पिशवी सल्लागाराच्या टेबलावर येते. सांगली, मिरज, कुपवाड, विट्यात असे एकट्यानं धंदा करणारे कितीतरी आहेत. त्यांना महिन्याला एकदा येऊन रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि बँकेचा ताळमेळ घालणारं माणूस हवं आहे, आणि तिथे तुला जागा आहे.

रस्ता कसा? आधी डिग्री, आणि ५५ टक्क्यांच्या खाली येऊ नकोस. तेवढे मिळाले तर कॉमर्सच्या पदवीधराला सीए इंटरमीजिएटला थेट नाव घालता येतं, आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) आता २ वर्षांची आहे. सीए आत्ता ठरवू नकोस, पण दार उघडं ठेव. बी.कॉम.नंतर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते, त्याची परीक्षा असते, आणि मग दुसऱ्यांची रिटर्न अधिकृतपणे भरता येतात. ऑडिटवर सही फक्त सीएची, तिथे कुणी कितीही आग्रह केला तरी हात घालायचा नाही. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर दादाच्याच धंद्यावर शिक, खोट्या उदाहरणांपेक्षा लवकर येईल.

स्वतःचं ऑफिस लगेच नको. निकालानंतर सांगलीत एखाद्या सीएच्या किंवा करसल्लागाराच्या कार्यालयात किमान एक पूर्ण आर्थिक वर्ष काढ, एप्रिल ते मार्च. पगार कमी असेल, पण नोटिशीला उत्तर कसं देतात हे तिथेच बघायला मिळतं. मामांचा सल्लाही वाईट नाही. बँकेची परीक्षा द्यायची तर मन लावून दे, पण या कामातून सुटका म्हणून देऊ नकोस.

पुढच्या पत्रासोबत मागच्या तीन महिन्यांचा रोजमेळ आणि राज्याबाहेर गेलेल्या पार्सलांची यादी पाठव. ती यादी रिकामी नसेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता याच आठवड्यात दादाला करसल्लागाराकडे घेऊन जा.