संवर्धनात जायचंय? कॉलेजच्या नावाआधी विषय बघा

प्रश्न: माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे, पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) घेतलंय. जंगल, नद्या, गवताळ माळरानं यांच्या संवर्धनात काम करायचं म्हणते, शिवाय वनसेवेची परीक्षाही द्यायची आहे. एका खासगी विद्यापीठात 'नैसर्गिक संसाधन संवर्धन' अशी पदवी आहे, पण तिथलं शुल्क आम्हाला जड जाईल. पुण्यातच साधी बीएस्सी केली तर चालेल का?
– एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर: ताई, चालेल. वनसेवेचा विचार पक्का असेल तर साधी बीएस्सीच अधिक सुरक्षित आहे.

यूपीएससीच्या भारतीय वनसेवा परीक्षेसाठी पदवीत ठरावीक विषयांपैकी किमान एक विषय असावा लागतो. पशुसंवर्धन व पशुवैद्यकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे ते विषय. किंवा मग कृषी, वानिकी वा अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत 'पर्यावरणशास्त्र' नाही, 'संवर्धन'ही नाही. आकर्षक नावाच्या पदवीत यांतला एकही विषय नसेल, तर तीन-चार वर्षं शिकून झाल्यावर अर्ज भरताना मूल अडतं. त्या वेळी काहीच करता येत नाही. म्हणून त्या खासगी विद्यापीठाकडून सर्व सत्रांचा विषयवार अभ्यासक्रम लेखी मागून घ्या आणि या यादीशी ताडून बघा. एमपीएससीच्या वनसेवेची पात्रता वेगळी असते, ती ताज्या जाहिरातीतच वाचावी.

नव्या शैक्षणिक धोरणात बहुतेक कॉलेजांत पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे आणि पुढे त्यांतला एक मुख्य, एक गौण ठरवायचा, अशी रचना आहे. तुमच्या मुलीसाठी मी वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र मुख्य आणि पर्यावरणशास्त्र गौण अशी जोडी सुचवेन. पाणलोट, भूजल, नद्या यांकडे ओढा असेल तर भूगर्भशास्त्राचा जरूर विचार करा. फर्ग्युसन आणि नौरोसजी वाडिया या दोन्ही कॉलेजांत तो विभाग आहे. मुख्य विषय उद्या एमएस्सीचा दरवाजाही ठरवतो. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करायची तर पदवीला तो विषय बहुधा लागतो.

इथेच पालक हमखास फसतात. माहितीपत्रकात पर्यावरणशास्त्र छापलेलं असतं, पण प्रत्यक्षात ते फक्त गौण विषय म्हणून असतं. कधी विद्यार्थी कमी आले म्हणून तिसऱ्या वर्षी मुख्य विषयाची तुकडीच भरत नाही. प्रवेश कार्यालयात सरळ विचारा: गेल्या तीन वर्षांत तिसऱ्या वर्षाला या विषयाची मुलं किती होती? सगळ्याच शाखांना शिकवला जाणारा सक्तीचा पर्यावरणाचा पेपर म्हणजे पर्यावरणाची पदवी नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

मग विभागात जाऊन या. इमारत आणि नॅकचा (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा) दर्जा बघण्यापेक्षा वनस्पतींचे वाळवलेले नमुने बघायला मागा. त्यांच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव आहे का? शेवटची तारीख कधीची आहे? दहा वर्षांपूर्वीची असेल तर इथली मुलं बाहेर पडत नाहीत, असं समजा. कायमस्वरूपी शिक्षक किती आणि तासिकेवरचे किती, हे विचारा. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांवरची माहिती हाताळणं, शिकवतात म्हणाले तर प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. त्यासाठीचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, त्यामुळे ते महाग आहे ही सबब चालत नाही.

क्षेत्रभेटी कुठल्या महिन्यात होतात, यालाही मी फार महत्त्व देतो. सह्याद्रीतल्या वनस्पती ओळखायला शिकायचं तर जुलै ते सप्टेंबर हाच काळ. सडे (खडकाळ सपाट माथे) आणि पठारं तेव्हाच फुलतात. बऱ्याच ठिकाणी पहिल्या सत्राचे प्रवेशच लांबतात आणि सहल निघते परीक्षा संपल्यावर, उन्हाळ्यात. तोवर पठारावर वाळलेलं गवत उरलेलं असतं. पुण्याला खरं तर घाट, माळ आणि पाणथळ जागा तिन्ही जवळ आहेत: भीमाशंकर, सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य, भिगवणचा उजनी जलाशय. वेताळ टेकडी तर शहरातच आहे. या ठिकाणी नुसत्या सहली जातात, की मुलं तिथे आखीव पद्धतीने मोजणी करून अहवाल लिहितात, हे विचारा आणि जुने अहवाल चाळा. नव्या रचनेत क्षेत्रप्रकल्प आणि कार्यप्रशिक्षणाला क्रेडिट आहेत. त्यासाठी विद्यार्थ्यांना कुठे पाठवतात? भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण, दोन्हींची पश्चिम विभागीय केंद्रं इथे आहेत. आघारकर संशोधन संस्था आहे, वारज्याला बाएफ ही ग्रामीण विकासाची संस्था आहे. ज्या विभागाचे अशा संस्थांशी चालू संबंध आहेत, तो निवडावा.

पदवीवर थांबू नका. या क्षेत्रात बऱ्या नोकऱ्यांना बहुधा एमएस्सी लागते. आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता आणि भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेत वन्यजीव संवर्धनाचं पदव्युत्तर शिक्षण आहे. बाहेर देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांच्या प्रवेशपरीक्षा कठीण आहेत. खासगी विद्यापीठाला जाणारे पैसे एमएस्सीच्या दोन वर्षांसाठी राखून ठेवलेत तर जास्त उपयोगी पडतील. मूलभूत संशोधनाची आवड असेल तर पाषाणच्या आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थेची पाच वर्षांची बीएस-एमएसही आहे. मात्र तिच्या अभिक्षमता चाचणीत गणिताचेही प्रश्न असतात.

पुण्याबाहेर पाठवायची तयारी असेल तर दापोली आणि अकोला इथल्या कृषी विद्यापीठांतली चार वर्षांची बीएस्सी (ऑनर्स) वानिकी बघाच. सरकारी शुल्क, रोपवाटिकेपासून काष्ठमापनापर्यंतचं (झाडातलं लाकूड मोजणं) हाताने शिकणं, आणि वनसेवेसाठी थेट पात्र पदवी. तिथला प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होतो. 'आम्हाला साधी बीएस्सीच करायची आहे' म्हणून बरीच मुलं सीईटीचा अर्जच भरत नाहीत, आणि निकालानंतर मन बदललं तरी हा मार्ग बंद झालेला असतो. मुलीचा पीसीबी गटाचा अर्ज मुदतीत भरून ठेवा, आणि आरक्षण लागू असेल तर जात वैधता व नॉन-क्रिमीलेअरच्या कागदांना आत्ताच हात घाला. त्यांना महिने लागतात.