तुम्ही विचारा, आम्ही सांगतो : जुन्या कार्डांची गोष्ट

प्रश्न : जुन्या बेसबॉल कार्डांबद्दल वाचताना टी206, एन28, आर319 असले नंबर सारखे दिसतात. हे कंपनीने दिलेत का?

उत्तर : नाही हो, कंपन्यांना कुठला एवढा वेळ, त्यांना सिगारेट आणि च्युइंगगम खपवायचं होतं, खेळाडूचं चित्र छापलेलं कार्ड पाकिटात टाकायचे ते फक्त आमिष. हे नंबर दिलेत जेफरसन बर्डिक या माणसाने. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा, इलेक्ट्रिकच्या सामानाच्या कारखान्यात जुळणीचं काम करायचा, संधिवाताने हात वाकडे झालेले. आणि या पठ्ठ्याने काय केलं, तर 1937 मध्ये संग्राहकांसाठी एक छोटं बुलेटिन सुरू केलं, 1939 मध्ये थेट कॅटलॉग काढला, तोच पुढे वाढत वाढत 'अमेरिकन कार्ड कॅटलॉग' झाला. एन म्हणजे एकोणिसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, टी म्हणजे विसाव्या शतकातली, आर म्हणजे 1930 नंतरची गोळ्या-गमवाली. म्हणून ॲलन अँड गिंटर या तंबाखू कंपनीचा 1880च्या दशकातला सेट एन28 आणि गौडी गमचा 1933चा सेट आर319. त्याआधी कुणाकडे काय आहे आणि सेट पुरा कधी होतो हे पत्रातून एकमेकांना समजावणंसुद्धा कटकटीचं होतं, तुमच्याकडचं ते लाल पाठीचं आणि माझ्याकडचं हे निळ्या पाठीचं एकाच सेटमधलं का वेगळं, इथूनच सुरुवात. माझ्या मते हा छंद खऱ्या अर्थाने सुरू झाला तो या यादीमुळे, कार्डांमुळे नाही.

प्रश्न : त्याने म्हणे सगळी कार्डं अल्बममध्ये चक्क चिकटवून टाकली? आज कुणी असं केलं तर वेड्यात काढतील!

उत्तर : काढतीलच. पण जरा थांबा. बर्डिकने 1947 पासून आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायला सुरुवात केली, पोस्टकार्डं, जाहिरातीची कार्डं, सगळं धरून तीन लाखांहून जास्त कागद, त्यात बेसबॉलची तीस हजारांच्या वर. तेव्हा तिथला प्रिंट्स म्हणजे छापील चित्रांचा विभाग हायट मेयर बघायचे, त्यांनी या 'कचऱ्याला' जागा दिली हे त्यांचं मोठेपण, पण लावायचं कुणी? तर शेवटी स्वतः बर्डिकच न्यूयॉर्कला राहायला आला आणि दुखऱ्या हातांनी एकेक कार्ड चिकटवत बसला. 10 जानेवारी 1963 ला काम संपलं, दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात भरती आणि मार्चमध्ये गेला. आता गोंदाने बाजारभाव मेला हे खरंय, पण त्याला विकायचं होतंच कुठे! त्याच्या कॅटलॉगात टी206 मधलं होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं कार्ड 50 डॉलरला होतं आणि तेव्हा तेच डोळे फाडणारं वाटायचं, तसलंच एक कार्ड 2022 मध्ये 72.5 लाख डॉलरला गेलं. गंमत म्हणजे बर्डिककडेही वॅग्नर होता आणि तोही त्याने इतरांबरोबरच अल्बममध्ये लावून टाकला. मला तर वाटतं, त्या गोंदामुळेच तो संग्रह फुटला नाही.

प्रश्न : हे सगळं अमेरिकेतच का? इतर कुठे कोणी नव्हतं?

उत्तर : इंग्लंडमध्ये होते की! तिथे सिगारेट कार्डांचं वेड तर भलतंच. कर्नल बॅग्नॉल यांनी 1927 मध्ये लंडन सिगारेट कार्ड कंपनी काढली, म्हणजे संग्राहकांना कार्डं विकण्याचा रीतसर धंदाच. आणि एडवर्ड व्हार्टन-टायगर, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्त संघटनेत घातपाताची कामं करणारा माणूस, पुढे खाण उद्योगात मोठा अधिकारी, आणि घरी दहा लाखांहून जास्त कार्डं. 1995 मध्ये तो गेल्यावर सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला मिळाला. बर्डिक कारखान्यातला कामगार, हा साहेब, पण शेवटी दोघांनीही कार्डं म्युझियमलाच दिली, लिलावाला नाही.